जनान्यातली मागची रांग

१

दुपारचे तीन वाजायला आले की मी पुढच्या खोलीचे पडदे ओढून घ्यायचे. तोवर भांडी झालेली असायची, कपडे वाळून घड्या झालेल्या असायच्या, आणि माझी पोर प्रियू झोपलेली असायची. ती कशी झोपायची तेही सांगायचं आहे. पण ते एकदम तोंडातून निघत नाही, म्हणून आधी बाकीचं सांगते.

बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीत केबल आली ती चौऱ्याण्णव साली. गच्च्यांवरून काळ्या वायरी गेल्या, आणि जिथे एकटं दूरदर्शन होतं तिथे बारा चॅनल झाले. त्यातल्या एकावर रोज तीनला भुताचा पिक्चर लागायचा. कधी जुना काळापांढरा, कधी रंगीत, शनिवारी इंग्रजी. गल्लीतल्या बायका सासू-सुनांच्या मालिका बघायच्या. आमच्या घरात मात्र भूतच लागायचं, आणि तेही आत्याबाईंच्या हट्टामुळे.

आत्याबाई म्हणजे माझ्या मालकांच्या, श्रीकांतरावांच्या, सख्ख्या आत्या. विठाबाई. त्यांना दिसत नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकायची डॉक्टर वाट बघत होते. पण पिक्चरचं वेड असं, की विचारू नका. सुलतान बाजाराकडच्या एका टॉकीजमध्ये त्या तीस वर्षं जनान्याच्या दारावर होत्या. जनाना म्हणजे बायकांची बसायची वेगळी जागा, पुढे जाड पडदा. अंधार झाला की पडदा सरकवायचा, दिवे लागायच्या आधी ओढून घ्यायचा. तिकिटं फाडायची, भांडणं सोडवायची, जिचं पोर रडेल त्या बाईला बाहेर काढायचं. हे त्यांचं काम.

तर आता पिक्चर मी बघायचा आणि त्यांना सांगायचा, अशी आमची रीत पडली. मी सातवी शिकलेली. हिंदी ऐकून कळतं, इंग्रजीचं काही कळत नाही. शनिवारी मी नुसती तोंडं बघून गोष्ट रचायची. आत्याबाईंना ते बरोबर समजायचं.

"हे तुझ्या पदरचं हाय," म्हणायच्या. "पिक्चरमधलं न्हाई. पर चालू दे. तुझं जास्त भ्या घालतंय."

२

"काय दिसतंय?"

"हवेली. धुकं. एक बाई मेणबत्ती घेऊन चाललीय."

"गाणं म्हणतीय?"

"हौ."

"मग भिऊ नकोस. गाणं म्हणणारी शेवटाला जित्तीच निघती. इस्टेटीपायी कुणीतरी सोंग आणलेलं असतंय."

आणि तसंच निघायचं. मी चिडायचे. त्या हसायच्या. "त्या टायमाला बायाबी चिडायच्या. दोन आणे देऊन आलो आन् भूत खोटं, म्हणायच्या."

त्यांनी काळ्यापांढऱ्यापासून सगळं दारात उभं राहून ऐकलं होतं. पिक्चर त्यांनी कमी बघितले, बाया जास्त बघितल्या. एकदा मी विचारलं, हे पिक्चर असे बदलत का गेले? तर सुपारी कातरता कातरता थांबल्या.

"आधी भूत गावाभाईर राहायचं बघ. तिथवर जायला बग्गी लागायची. मग रंगीत आले, तर ते खाली तळघरात आलं. साखळदंड, तोंडाला रबर चिकटवलेलं. त्रिशूळ दावला की जळायचं. गडी शिट्ट्या मारायचे, आमचा जनाना निम्मा रिकामा. आन् आता तू शनिवारचं सांगतीस त्यात काय असतंय?"

"स्वयंपाकघर. फ्रीज. मुलाची खेळणी."

"मंग? जवळ येत चाललंय. आणिक एक. आधीच्या भुताला कायतरी पाहिजे असायचं. कुणी मारलं त्याचा सूड, न्हाई तर नवरा. ते मिळालं की जायचं. आताच्याला काय पाहिजे?"

मी आठवून बघितलं. "काहीच नाही, आत्याबाई. ते नुसतं राहतं."

"हां," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की अंधारात बाया कुठे तोंड फिरवतात ते त्या बघायच्या. सगळ्या जणी एका जागी भीत नाहीत. एक विहीर आली की तोंड फिरवते, एक सासू आली की, एक नुसता पाळणा हलला की. "जिनं जे केलं असंल ना, तिथं ती डोळे झाकती. बाकीच्या तिथं हसतात. मला बायांची समदी कुंडली कळायची."

"मी तर कुठेच डोळे झाकत नाही."

"न्हाई झाकत. पर सांगता सांगता थांबतीस. पोर आलं की थांबतीस तू, रेणू."

मी टीव्हीकडे बघत राहिले. खोलीत पिक्चरचं वाजंत्री चालू होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. तेवढ्यात आत्याबाई मान जराशी मागे वळवून, अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या बाईला सांग, पोराची मान सावर म्हणावं. श्वास अडकतोय त्याचा."

आमच्या मागे कुणी नव्हतं. मागे आतल्या खोलीचं दार होतं, त्याला फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यापलीकडे खाटेवर माझी प्रियू एकटी झोपलेली.

३

आता सांगते.

मार्च महिन्यात प्रियूला सर्दी झाली होती. चौदा महिन्यांची होती ती. डॉक्टरांनी लाल औषध दिलं, अर्धं झाकण, तीन दिवस. पहिल्याच दिवशी ती औषध घेऊन दोन तास गाढ झोपली. तोपर्यंत ती कधी अर्ध्या तासाच्या वर झोपली नव्हती. रात्रंदिवस किरकिर. मी अंघोळ करताना दार उघडं ठेवायचे. ती गप्प झाली तरी मला भीती वाटायची आणि रडली तरी भीती वाटायची. त्या दोन तासांत मी पहिल्यांदा एक अख्खा पिक्चर बघितला.

तीन दिवस झाले, सर्दी गेली. बाटली अर्धी राहिली होती. मी ती टाकली नाही. पोह्यांच्या डब्यामागे ठेवली.

मी स्वतःला म्हणायचे, औषधच आहे, विष थोडंच आहे. आमच्या गावाकडे खुरपायला जाणाऱ्या बाया पोराला अफू चाटवायच्या आणि बांधावर निजवायच्या. ती पोरं मोठी झालीच ना. सगळी झाली का, ते मी आठवत नव्हते. अर्ध्याचं एक झाकण झालं. एकाचं सव्वा.

आत्याबाईंनी ते "मागची बाई" म्हटल्यावर मी मनाची समजूत घातली. तीस वर्षांची सवय आहे, म्हातारपण आहे, डोळे नाहीत म्हणून कान काहीबाही रचतात. मीही नाही का इंग्रजी पिक्चरची गोष्ट रचत? पण उठून आत गेले. प्रियू झोपली होती. मी तिला भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं. ती दाराकडे तोंड करून होती. मान मात्र नीट होती, कुणी सावरून ठेवावी तशी.

परत येऊन बसले. पिक्चरमध्ये वाजंत्री थांबलं, ते थांबतं ना काहीतरी व्हायच्या आधी, तसं. त्या शांततेत मला पडद्यामागून आवाज आला. थोपटल्याचा. झबल्यावर हात पडतो तो मऊ आवाज, एका लयीत, न थांबता.

मी तो आवाज अख्खा पिक्चर संपेपर्यंत ऐकला. उठले नाही. हे सांगायची मला जास्त लाज वाटते. मला वाटलं, चला, कुणीतरी आहे तिच्यापाशी.

४

दुसऱ्या दिवसापासून औषध बंद केलं. देवापाशी दिवा लावून शपथ घेतली.

सोमवारी तीनला पिक्चरचं वाजंत्री सुरू झालं आणि खेळता खेळता प्रियूच्या हातातला चमचा गळला. बसल्या बसल्या झोपली. मंगळवारी तसंच. बुधवारी मी टीव्ही लावलाच नाही. शेजारच्या भाग्यलक्ष्मीअम्मांनी त्यांच्याकडे तेच चॅनल लावलं, भिंतीपलीकडून वाजंत्री आलं, आणि प्रियू झोपली.

ती आडवी होत नसे. फरशीवर मधोमध बसलेली, भिंत हातभर लांब, आणि मान डावीकडे टेकलेली. कशाला टेकलेली? तिथे काही नव्हतं. मी तिच्या गालाखालून हात फिरवला. नुसती हवा. पण गाल जरा चपटा झाला होता, आपण मांडीवर डोकं ठेवल्यावर होतो तसा.

संध्याकाळी श्रीकांतराव आले तर म्हणाले, "आज पोरगी बडी शांत दिसतेय. काय जादू केलीस?"

"दात येतायत, थकते," मी म्हणाले.

"अम्मांच्या नातवाला पण शिकव. पूरा दिवस बोंबलतो."

ते हसत होते. मी पोळ्या लाटत होते. त्याच वेळी सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. पण काय सांगणार? औषध बंद केलं म्हणून सांगायचं, तर आधी सुरू होतं म्हणून सांगावं लागतं.

५

शनिवारी तीन वाजले, वाजंत्री सुरू झालं, आणि प्रियू झोपली नाही.

टक्क जागी. माझ्याकडे बघून हसत होती, टाळ्या वाजवत होती. कुठल्याही आईने तिला उचलून छातीशी धरलं असतं. टीव्हीवर एक घर दिसत होतं, जिन्यावर एक पांढरी बाहुली पडलेली. आत्याबाई विचारत होत्या, "काय आलं? काय आलं?" प्रियू माझी साडी ओढायला लागली, मग रडायला लागली. मी आत गेले आणि पोह्यांच्या डब्यामागची बाटली काढली. किती दिलं ते मी पाहिलं. माझा हात चुकला नाही. दोन झाकणं.

खाटेवर निजवून बाहेर आले आणि पिक्चर सांगायला बसले. बाहुली जिना चढते, खोलीत पाळणा आहे. मी बोलायची थांबले.

"का गं थांबलीस?"

मागून थोपटल्याचा आवाज येत होता. पण एक हात नव्हता तो. पुष्कळ होते. पावसाआधी पत्र्यावर थेंब पडतात तसे, पण मऊ.

"आज गर्दी हाय," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

मी उठले. चार पावलांची खोली, मला ती संपेना. पडदा बाजूला केला. खाट दिसली नाही. पलीकडची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर, धान्याचे डबे, काही दिसलं नाही. अंधारात गुडघे दिसले. एका ओळीत बसलेल्या बायांचे गुडघे. लुगड्यातले, सलवारीतले, काळ्या बुरख्यातले. पाय खाली सोडून, खुर्च्यांवर बसावं तसे. प्रत्येक मांडीवर एक गाठोडं आणि त्याच्यावर एक हात. मी मांड्यांच्या वर बघितलं नाही. सगळ्यांत अलीकडच्या मांडीवर माझ्या प्रियूचं पिवळं झबलं होतं.

मी तिला धरून ओढलं. ती आली नाही. दहा किलोचं पोर, जमिनीत पुरल्यासारखं जड.

"आत्याबाई!"

त्या चाचपडत आल्या. दाराच्या चौकटीला एक हात, दुसऱ्या हाताने पडदा धरला. तीस वर्षं धरला असेल तसा. "काय चाटवलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. खरंच काही नाही, आत्याबाई."

"समद्या असंच म्हणायच्या," त्या म्हणाल्या. मग आत तोंड करून, मी कधीच ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात ओरडल्या, "खेळ सुटला, बायांनो! आपापली पोरं उचला!"

प्रियूचं वजन एकदम माझ्या हातात आलं. खाट होती, डबे होते, कॅलेंडर हलत होतं. ती जागी होत नव्हती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध दिलं होतं का?" श्रीकांतराव ऑफिसातून धावत आलेले, शर्ट घामाने भिजलेला, माझ्या शेजारी उभे.

"सर्दीचं," मी म्हणाले. "अर्धं झाकण. तुम्ही दिलेलं तेच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. त्यांनी सलाईन लावलं. संध्याकाळी सातला प्रियूने डोळे उघडले. श्रीकांतराव त्या डॉक्टरांना नको नको ते बोलले, "अर्ध्या झाकणात पोर असं पडतं? असली औषधं देता?" अख्ख्या दवाखान्यासमोर. म्हातारा सज्जन माणूस, ऐकून घेतलं त्याने. पुन्हा आम्ही तिकडे गेलो नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. "मीबी खरं बोलले नव्हते," म्हणाल्या. "एक बाई यायची. मागच्या रांगेत बसायची. तिचं पोर लई रडायचं. मीच म्हणाले तिला, थोडं चाटवून आण की, सुखानं बघ. दिवे लागले तरी उठली न्हाई ती. थोपटतच होती. मी पडदा ओढला आन् टॉकीजच्या मालकाला सांगितलं, तिची तीच पोराला चाटवून घेऊन आली होती म्हणून."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्याच दिवाळीत त्या उदगीरला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. मोतीबिंदू शेवटपर्यंत पिकला नाही.

६

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. प्रियू मराठी शाळेच्या शिशुवर्गात जाते. गेल्या महिन्यात तिच्या वर्गाच्या भामाबाईंनी मला बोलावणं पाठवलं. मी दुपारी गेले. बाईंनी मला वर्गात नेलं नाही, व्हरांड्यातच खिडकीपाशी उभं केलं.

"बघा. रोज याच वेळेला."

बाकीची मुलं चित्रं रंगवत होती. प्रियू चटईच्या कडेला बसून झोपली होती. मान डावीकडे टेकलेली. तिच्या डावीकडे नुसती मोकळी फरशी होती.

"आधी वाटलं, दमत असेल," भामाबाई म्हणाल्या. "पण अशी झोप मी कुठल्या पोराची बघितली नाही. रागावू नका हां, विचारते. घरी काही औषध चालू आहे का?"

"आता नाही," मी म्हणाले.

भामाबाईंनी विचारलं, "आता म्हणजे?"

मला तोंड फिरवायचं होतं. चार वर्षं फिरवलेलंच होतं. पण खिडकीतून प्रियूचा चपटा झालेला गाल दिसत होता. मी सांगितलं. लाल औषध, पोह्यांचा डबा, पिक्चर, एक झाकण, सव्वा. त्या शनिवारी ती हसत होती तेही सांगितलं. अर्धं नव्हे, दोन झाकणं, आणि डॉक्टर खोटे पडले तेही. भामाबाई एकदाही "असू द्या" म्हणाल्या नाहीत. नुसत्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. व्हरांड्यात दोन शिपाईबाया होत्या, त्याही ऐकत होत्या. मी आवाज खाली केला नाही.

"दोन झाकणं" म्हटलं तेव्हाच आत प्रियूची मान घसरली. टेकू काढून घेतल्यासारखी. ती कडेला पडली, जागी झाली, आणि वर बघायला लागली. बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. मग तिची नजर हळूहळू दाराकडे गेली, कुणी उठून जाताना आपण बघतो तशी. आणि ती रडायला लागली. लागलंय म्हणून नव्हे. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मला सोडताना रडली होती ना, तसं.

मी तिला कडेवर घेऊन निघाले. काचीगुड्याच्या चौकापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. ऑटो बघत उभे होतो तेव्हा म्हणाली, "आता दुपारी माझ्याजवळ कोण बसणार?"

"मी बसेन ना, सोन्या. रोज बसेन."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने अजिबात नाही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसरा विसरला की आपण बघतो, तसं.

"तू नाही," ती म्हणाली. "तू पिक्चर बघत असतेस."

दवाखान्यातून आलो त्या रात्रीच मी केबलची वायर काढून टाकली होती. तिला कळायला लागल्यापासून मी एकही पिक्चर बघितलेला नाही.